सॅलरी स्लिपमधली एक ओळ

 

२०२५ च्या सुरुवातीला मी इकडे श्टुटगार्टला आलो. पहिला पगार झाला तेव्हा ऑनसाईटवर आलेला कोणीही नवा माणूस करतो तेच मीही केलं. स्लिप उघडली, सगळ्यात खालचा आकडा पाहिला, आणि "च्यायला, एवढे कापले?" म्हणत वरच्या ओळी वाचायला घेतल्या. कर, पेन्शन, आजारपणाचा विमा, बेकारीचा विमा... इथपर्यंत ठीक होतं. त्याखाली एक लांबलचक शब्द होता, फ्लेगेफरझिशेरुंग. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे रोजच्या जगण्याला दुसऱ्याचा हात लागायला लागला तर त्यासाठीचा हा विमा. पगाराच्या ३.६ टक्के, निम्मे कंपनी भरते, निम्मे आपण. मग हसून विचारलं, "तुला मूल नाही ना? मग तुझे ०.६ टक्के जास्त."

म्हणजे लग्न न केल्याचा दंडच की हो! घरचे नुसते विचारतात, इथलं सरकार थेट पैसे कापतं. :)

त्या दिवशी हसलो आणि विसरलो. पुन्हा ती ओळ आठवली ती आजीमुळे.

आमची आजी साताऱ्याला असते. वय ८३. चार वर्षांपूर्वी तिने देवासमोर दोनदा निरांजन लावलं, तेव्हा आम्ही हसलो होतो. मग ती कुकरला पाणी घालायला विसरली, मग आत्याला ओळखेना, मग संध्याकाळ झाली की पिशवी भरून "मला वाईला सोडा, आई वाट बघत असेल" म्हणायला लागली. वाई तिचं माहेर. तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. डॉक्टरांनी डिमेन्शिया असं नाव सांगितलं. नातेवाईक अजूनही "वय झालं की व्हायचंच" म्हणतात.

माझी आई एका पतसंस्थेत नोकरी करायची. बावीस वर्षं. २०२२ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तिने ती सोडली. कोणी "सोड" म्हणालं नाही. कोणाला म्हणावंच लागलं नाही. ब्युरोकडून दोनदा बाई लावून पाहिली. पहिली अठरा दिवसांत गेली, दुसरीच्या अंगावर आजीने तांब्या फेकला. बाबा, आत्या, मी, सगळे हळहळत होतो, सगळ्यांनी आपापल्या नोकऱ्या चालू ठेवल्या, आणि आई घरी बसली.

आता मूळ मुद्दा.

माझ्या वरच्या मजल्यावर एक जर्मन आजीबाई राहतात. त्यांच्या नवऱ्याला अल्झायमर आहे. एकदा त्यांचं सामान वर नेऊन दिलं, तेव्हा माझ्या आजीचा विषय निघाला आणि त्यांनी मला इथली पद्धत समजावून सांगितली. विमा संस्थेकडे अर्ज करायचा. तपासनीस घरी येतो. माणूस काय काय स्वतःचं स्वतः करू शकतो याचे गुण मांडतो. त्यावरून १ ते ५ अशी पायरी ठरते. मग दोन पर्याय. एक तर संस्थेची माणसं घरी येऊन काम करतात आणि बिल विमा भरतो. किंवा घरचंच माणूस काळजी घेत असेल तर दर महिन्याला रोख पैसे मिळतात. आजीबाई स्वतःच नवऱ्याचं करतात, म्हणून त्यांनी रोख घेतले आहेत.

मला सगळ्यात जास्त पटला तो या गुणांचा इतिहास. हा विमा सुरू झाला १९९५ मध्ये. (त्यासाठी मालकवर्गावर पडणारा बोजा भरून काढायला एका राज्याचा अपवाद सोडून सगळ्या जर्मनीने आपली एक सार्वजनिक सुट्टी रद्द केली. आपल्याकडे करून बघा!) पण सुरुवातीची वीसेक वर्षं मोजमाप मिनिटांत व्हायचं. अंघोळीला किती मिनिटं, भरवायला किती, उठवून बसवायला किती. या हिशोबात पाय मोडलेला माणूस नीट बसायचा. पण धडधाकट चालणारी, हाताने जेवणारी, आणि रात्री दोनला दार उघडून निघून जाणारी आमची आजी? तिला जवळपास शून्य. अधूनमधून थोडी ठिगळं लावली गेली, पण चौकट तीच राहिली. शेवटी २०१७ मध्ये ती मुळातून बदलली. मिनिटं गेली. स्मरणशक्ती, संवाद, वागणूक, दिवस आखता येतो की नाही, याचेही गुण आले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. मोजायला सोपं ते मोजायचं आणि महत्त्वाचं ते सोडून द्यायचं, हा आमचा रोजचा धंदा आहे. फरक इतकाच की आमच्या चुकीमुळे रिलीज लांबतो. इथे माणसं वीस वर्षं लटकली.

एका शनिवारी मी बसून आजीचे गुण काढले. चालणं-फिरणं, काही अडचण नाही. ओळख, वेळेचं भान, पूर्ण गेलं आहे. रात्रीची अस्वस्थता, रोज. अंघोळ, कपडे, संडास, आईशिवाय होत नाही. वजनं लावून बेरीज केली, ५८ च्या आसपास आली. म्हणजे तिसरी पायरी. तिसऱ्या पायरीला घरच्या माणसासाठी महिना ५९९ युरो. ढोबळमानाने साठ हजार रुपये. शिवाय काळजी घेणारी व्यक्ती आठवड्याला किमान दहा तास देत असेल आणि तीसपेक्षा जास्त तास नोकरी करत नसेल, तर तिच्या पेन्शनचे हप्तेही हाच विमा भरतो. नोकरी सुटली म्हणून म्हातारपण कोरडं जाऊ नये यासाठी.

हे मी काही अर्ज करायला काढलं नव्हतं, तो इथून करताच येणार नाही. पण आईला फोन करून सांगितलंच.

"साठ हजार? कुणाला?"

"तुला."

आई जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, पैशांचं राहू दे. मला शनिवारी दुपारी दोन ते पाच भरवशाचं एखादं माणूस मिळालं ना, तरी पुष्कळ आहे. मला झोपायचंय रे."

मी तयारी करून बसलो होतो ती दुसऱ्याच प्रश्नाची होती. पैसे की माणूस? गंमत म्हणजे नेमक्या याच प्रश्नावर जगातल्या दोन मोठ्या व्यवस्था वेगळ्या झाल्या आहेत.

जपानने असाच विमा एप्रिल २००० पासून सुरू केला. चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा, पासष्टीनंतर गरज पडेल तेव्हा सेवा मिळते. (डिमेन्शिया लवकर झाला तर चाळिशीनंतरही.) खर्चाचा निम्मा भाग हप्त्यांतून, निम्मा करांतून. वापरणाऱ्याने बिलाचे दहा टक्के भरायचे, उत्पन्न जास्त असेल तर वीस किंवा तीस. पण घरच्या माणसाला रोख पैसे? नाहीत. दिवसा सोडायचं केंद्र, घरी येणारी मदतनीस, काही दिवस मुक्कामाची सोय, हेच मिळतं. आणि हे सगळं जुळवून देणारा एक केअर मॅनेजर.

रोख का नाही? कारण तिथल्या बायकांनी नको म्हणून सांगितलं. तिथेही सासू-सासऱ्यांचं करायचं ते थोरल्या सुनेने, हाच नियम होता. १९७२ मध्ये सावाको आरियोशी या लेखिकेने नोकरी करणारी सून आणि भ्रमिष्ट सासरा यांच्यावर कादंबरी लिहिली, ती तुफान खपली. पुढे हिगुची केइको यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की रोख पैसे दिले तर सून आणखीच अडकेल. "आता तुला पैसेही मिळतात, मग कर की!" घरात पैसे येतील, पण बाईला दुपार मिळणार नाही.

आमच्या आईने हिगुचीबाईंचं नावही ऐकलेलं नाही. पण ती तेच म्हणाली.

तिच्या "मला झोपायचंय" मागे एक गोष्ट आहे. मागच्या श्रावणात पहाटे आईचा डोळा लागला आणि आजी निघून गेली. दोन तासांनी एसटी स्टँडवर वाईच्या फलाटाजवळ बसलेली सापडली, हातात पिशवी. नशीब म्हणायचं. नंतर घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "दाराला कडी नव्हती का लावली?" म्हणजे आईने.

जपानमध्ये डिसेंबर २००७ मध्ये आयची प्रांतातल्या ओबू शहरात ९१ वर्षांचे एक गृहस्थ असेच घरातून निघाले. डिमेन्शिया होता. ८५ वर्षांच्या बायकोचा डोळा लागला होता. त्यांचं करायला सून योकोहामाहून येऊन जवळ राहिली होती, तरीही ते निसटले आणि रेल्वेखाली गेले. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबावर दावा लावला. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने बायको आणि मुलाला सुमारे ७२ लाख येन भरायला सांगितले. वरच्या कोर्टाने रक्कम निम्मी करून ती एकट्या बायकोवर टाकली. अखेर १ मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मोकळं केलं. एका माणसाने चोवीस तास डोळे उघडे ठेवावेत ही अपेक्षा कायद्याने करायची का, हा खरा प्रश्न होता, आणि तो सुटायला आठ वर्षं लागली. तिथे आजही डिमेन्शिया असलेली माणसं हरवल्याच्या तक्रारी वर्षाला अठरा-एकोणीस हजार होतात. पण २००५ पासून दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुलं यांना दीड तासाचं साधं प्रशिक्षण देणारी योजना चालू आहे, आणि एक कोटीहून जास्त लोकांनी ते घेतलंय. स्टँडवर बसलेल्या म्हातारीशी कसं बोलायचं, हे एखाद्या कंडक्टरला माहीत असणं ही छोटी गोष्ट नाही.

आता "तिकडे सगळं छान, आपल्याकडे सगळं वाईट" हा टिपिकल ऑनसाईट सूर मला लावायचा नाहीये. तिकडचीही भोकं बघूच.

जर्मनीत हा विमा मुद्दामच अर्धवट आहे. नर्सिंग होममध्ये ठेवलं तर विम्याचे पैसे वजा जाऊन पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी तीन हजार युरोच्या आसपास खिशातून जातात. म्हणून कित्येक घरं रोख पैशांत भर घालून पोलंड, बल्गेरिया, रोमेनियातून बाई आणून घरात ठेवतात. एका बल्गेरियन बाईच्या खटल्यात २०२१ मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाला सांगावं लागलं की रात्री हाकेला उठायच्या तयारीने थांबणं हेही काम आहे आणि त्यालाही किमान वेतन द्यावं लागेल. म्हणजे जर्मन सून सुटली, तर बल्गेरियाची कोणाची तरी सून अडकली. जपानमध्ये पासष्टीपुढच्यांचा सरासरी हप्ता सुरुवातीला महिना २,९११ येन होता, तो आता ६,२२५ झालाय, आणि माणसं तरीही पुरत नाहीत.

इंग्लंडचं आणखी विचित्र. तिथे कॅन्सर झाला तर उपचार सरकारी आरोग्यसेवेत फुकट. पण डिमेन्शियात जी रोजची काळजी लागते ती "सोशल केअर". तुमच्याकडे २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर सगळा खर्च तुमचा. केअर होममध्ये कायमचं जावं लागलं आणि घरात मागे कोणी नसेल, तर घराची किंमतही त्यात धरतात. माणसाने आयुष्यभरात जास्तीत जास्त किती भरायचं याला मर्यादा घाला, असं एका सरकारी आयोगाने २०११ मध्ये सुचवलं. कायदा झाला, पुढे ढकलला, पुन्हा ठरवला, पुन्हा ढकलला, आणि जुलै २०२४ मध्ये रद्दच केला. कोणता आजार व्हावा हे आपल्या हातात नसतं, पण बिल मात्र आजाराच्या नावावरून ठरतं.

आणि आपल्याकडे?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण मिळालं, चांगलंच झालं. पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. डिमेन्शिया हॉस्पिटलात घडत नाही हो. तो स्वयंपाकघरात, मोरीत, आणि रात्री दोन वाजता दारापाशी घडतो.

मग आहे काय? २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा. तो म्हणतो, सांभाळायची जबाबदारी मुलांची. नाही सांभाळलं तर न्यायाधिकरण पोटगी ठरवेल, मूळ कायद्याप्रमाणे कमाल महिना १०,००० रुपये. टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. हा कायदा मी परवा नीट वाचला. त्यात "मुले" म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. म्हणजे माझ्या आजीसाठी कायद्याने जबाबदार कोण? बाबा, आत्या, आणि मी! सून त्या व्याख्येत नाहीच. २०१९ मध्ये जावई-सुनेला आत घेणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं, ते मंजूर न होताच बारगळलं.

जरा थांबून बघा. जी एकटी सगळं करते तिचं नाव जबाबदारीच्या यादीत नाही, हक्काच्या यादीत तर नाहीच नाही. आणि यादीतला मी नऊ तास विमान प्रवासाच्या अंतरावर बसून लेख पाडतोय.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. "आपल्याकडे कुटुंब आहे. ते लोक म्हाताऱ्यांना होममध्ये टाकतात." तर आकडा ऐका. २०२३ च्या अखेरीस जर्मनीत काळजीची गरज असलेले सुमारे ५७ लाख लोक होते, आणि त्यातले ८६ टक्के घरीच राहत होते. बहुतेकांचं घरचीच माणसं करत होती. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई नवऱ्याला रोज स्वतः भरवतात. माया तिथेही आहे. पण त्यांच्या मायेची सरकारी दप्तरात नोंद आहे, आणि वर्षाकाठी काही आठवडे त्यांच्या जागी दुसरं माणूस ठेवायला वेगळे पैसे आहेत. माझ्या आईची नोंद कुठेच नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. आपला देश गरीब, बहुतेकांना सॅलरी स्लिपच नाही, मग ३.६ टक्के कापणार कशातून? हे मला मान्य आहे. जर्मन मॉडेल कॉपी-पेस्ट करून चालणार नाही. पण जपानचा क्रम बघा. त्यांनी विमा २००० मध्ये आणला, त्याआधी १९८९ मध्ये दहा वर्षांची योजना आखून घरी जाणाऱ्या मदतनीस आणि दिवसाची केंद्रं करांच्या पैशातून वाढवायला घेतली होती. आधी सेवा, मग विमा. आपण निदान पहिलं पाऊल टाकू शकतो. तालुक्याच्या गावी एक केंद्र, जिथे आजीला सकाळी सोडता येईल आणि संध्याकाळी आणता येईल. घरी येऊन गरज मोजणारं, आणि त्यात डोक्याच्या आजाराचे गुण धरणारं एक प्रमाणपत्र. आणि त्या प्रमाणपत्रावर काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव. केरळने २०१४ मध्येच डिमेन्शियासाठी राज्याचा उपक्रम सुरू केला आणि त्यात दिवसाच्या केंद्राची सोय धरली, म्हणजे हे भारतात सुचू शकतं.

महाराष्ट्राला तर हा विषय अगदीच परका नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने मी राहतो त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. आपली मुलं-मुली जर्मन शिकून इथल्या म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला येतील. येऊ देत, चांगला पगार मिळेल. पण त्याच मुलीला साताऱ्यात आमच्या आजीपाशी तीन तास बसायला शिकवणारा कोर्स, आणि त्याचा बरा पगार, हे आपण का करू शकत नाही?

माझं म्हणणं इतकंच. डिमेन्शियाची काळजी कुठल्याच देशात फुकट होत नाही. कुठे हप्त्यातून, कुठे करातून, कुठे घर विकून, आणि आपल्याकडे कोणाची तरी बावीस वर्षांची नोकरी सोडून, पण किंमत मोजली जातेच. पहिल्या तीन ठिकाणी निदान पावती मिळते, म्हणून त्यावर भांडता येतं. आपल्याकडे पावती नाही, म्हणून आपण त्याला संस्कार म्हणतो.

असो. सरकार करेल तेव्हा करेल. कायद्याने जबाबदार असलेल्या तिघांची आम्ही फोनवर मीटिंग घेतली. आता शनिवारी दोन ते पाच बाबा आजीपाशी बसतात, महिन्यातले चार दिवस आत्या येऊन राहते, आणि मी आईच्या नावाने दर महिन्याला पेन्शनचा हप्ता भरतो. इथे अनोळखी म्हाताऱ्यांसाठी २.४ टक्के कापले जातात, मग तिकडे एवढं तरी भरायला हवंच.

गेल्या शनिवारी तीन वाजता सवयीने फोन केला, तर बाबांनी उचलला आणि कुजबुजत म्हणाले, "नंतर कर. आई झोपलीय."